मागची सीट

आईने तक्रार केली नाही, आणि तेच मला पुढे कितीतरी दिवस खुपत राहिले. तुळजापूरहून हैदराबादला परतताना ती मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसली होती. खिडकीच्या वर धरायला जी मूठ असते, ती तिने नळदुर्गच्या अलीकडेच धरली. नळदुर्ग मागे पडले, उमरगा गेले, हुमनाबाद गेले, तरी तो हात खाली आला नाही. मी आरशातून दोन-तीनदा पाहिले, विचारलेही. "चालू दे तुझं, मी बरी आहे," एवढेच ती म्हणाली. झहीराबादच्या पुढे एका पुलाच्या सांध्यावर गाडी धाडकन उतरली, तेव्हा तिच्या तोंडून "आई गं" निघाले. ऐंशीतली माझी आई तिच्या आईला हाक मारत होती.

आठवड्याने क्ष-किरण फोटो काढला. कमरेचा एक मणका दबलेला दिसला. हाडे ठिसूळ झाली आहेत, मणका कधी दबला ते फोटोवरून सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "प्रवास बंद करू नका, हादरे बंद करा."

हादरे देणारा मी होतो. गाडी सहा महिन्यांची होती. उंच, रुंद, डिझेलची एसयूव्ही. त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला सतरा इंची चाके येतात आणि वरच्याला अठरा इंची. मी वरचे घेतले ते पुष्कळसे त्या चाकांसाठी. काळ्या रंगावर चंदेरी पैलू पाडलेली, पाच पाकळ्यांची ती चाके शोरूमच्या दिव्यांखाली फार देखणी दिसत होती. आईने त्यांनाच हळदकुंकू वाहिले, चारही चाकांखाली लिंबे ठेवली, आणि पहिली फेरी मारताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या वडिलांनी जन्मभर सायकल चालवली होती. त्यामुळे त्या हाताचा अर्थ मला नीट कळला होता.

आम्ही बडीचावडीचे. हैदराबादच्या मराठी माणसाला या नावापुढे फार सांगावे लागत नाही. १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी शाळा, इसामिया बाजारातले मराठी ग्रंथसंग्रहालय, सुलतान बाजार, आणि चालत दहा-पंधरा मिनिटांवर आबिड्स. वडील आबिड्सच्या मोठ्या टपाल कचेरीत होते. १९५६मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा तिकडे गेला. आमच्यासारखी घरे नोकरीपाण्यामुळे इथेच राहिली. कुलदैवत मात्र तुळजापूरला, आणि आईचे माहेर उमरगा तालुक्यात. म्हणून वर्षातून एकदा तरी त्या रस्त्याला लागायचे. पूर्वी एसटीने, मग मामाच्या जीपने, आणि आता माझ्या गाडीने. जवळजवळ तीनशे किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. हा प्रवास बंद करू नका, असे डॉक्टर म्हणाले होते. तो बंद करणे आईच्या मनातही आले नव्हते, आणि माझ्याही.

आबिड्स हे नाव एका दुकानदाराचे. सहाव्या निजामाच्या, म्हणजे मीर महबूब अली खान यांच्या, खासगी सेवेत असलेल्या आबिद नावाच्या माणसाने इथे दुकान काढले. वडिलांच्या पिढीतले लोक या भागाला ‘आबिद शॉप’च म्हणत. दुकान गेले, दुकानदार गेला, नाव चौकाला चिकटले. एरवीच्या दिवशी इथे कपडे, चपला, घड्याळे, मोबाइल यांची झुंबड असते. रविवारी बरीच दुकाने बंद असतात आणि त्यांच्या पायऱ्यांसमोर जुनी पुस्तके मांडली जातात. माझे निम्मे वाचन त्या पदपथावर उकिडवे बसून झाले आहे. टायरचे जे दुकान मला सापडले ते याच भागातल्या एका गल्लीत, आणि सापडले तेही पुस्तकांमुळेच. अनेक वर्षे मी त्याच्या बंद शटरसमोर पुस्तके चाळत होतो.

दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे उस्ताद म्हणतात. मी त्यांना सांगितले की गाडीचे शॉक-अब्सॉर्बर बदलायचे आहेत. त्यांनी शॉक-अब्सॉर्बर पाहिलेच नाहीत. आधी विचारले, "तकलीफ किसकू होती?" मी म्हटले, आईला. "अम्मा कहाँ बैठते?" मी म्हटले, मागे. तेव्हा त्यांनी माझ्यापुढे हात केला आणि किल्ली मागितली. "पीछे बैठो साब. मैं चलातूं."

मी माझ्या गाडीत मागे कधी बसलोच नव्हतो. सहा महिन्यांत एकदाही नाही. उस्तादांनी गाडी नेहरूंच्या पुतळ्यावरून गनफाउंड्रीकडे घेतली आणि परतताना गल्लीबोळांतून आणली. वेग विसाच्या वर गेला नसेल. पहिल्या गतिरोधकावर माझे डोके मागे आपटले. दुसऱ्यावर माझा हात आपोआप वर गेला आणि खिडकीवरच्या मुठीला चिकटला. मी तो हात पाहिला आणि मला आईचा हात दिसला.

चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. त्याचे अंग आवळून घेतले जाते, पाय ब्रेकवर जातो, स्टिअरिंगचा आधार असतो. तो पुढच्या आणि मागच्या आसाच्या मधोमध बसतो. मागे बसलेला माणूस जवळजवळ मागच्या आसावरच असतो, आणि त्याला पुढचे काही दिसत नाही. हादरा त्याला कळतो तो पाठीला बसल्यावरच. गतिरोधक कसा असावा याचे नियम आपल्याकडे आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने गोलसर, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा उंचवटा सांगितला आहे. गल्लीतले लोक रातोरात सिमेंटचा जो कट्टा घालतात तो वीतभर रुंद आणि धारदार असतो. तो बदलणे माझ्या हातात नव्हते. उस्तादांच्या मते माझ्या हातात दोन गोष्टी होत्या.

पहिली गोष्ट फुकटची होती. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर कंपनीने चिकटवलेला कागद असतो. त्यावर माझ्या गाडीसाठी तेहतीस पीएसआय हवा लिहिली होती. उस्तादांनी मीटर लावला, चारही चाकांत चाळीस निघाली. जास्त हवा असली की गाडी पळते, मायलेज मिळते, अशी समजूत पंपावर पक्की आहे, आणि मी "किती भरू?" या प्रश्नाला कधी नीट उत्तरच दिले नव्हते. फुगवून टणक केलेला टायर खडा आला तरी दबत नाही, तो गाडीलाच उचलतो. उस्तादांनी सांगितले की हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची, कारण तापमान साधारण साडेपाच अंशांनी चढले की हवा एकाने वाढते. मे महिन्यातल्या दुपारी हैदराबादच्या डांबरावर धावून आलेल्या टायरची मोजणी फसवी असते. त्यांनी हवा उतरवली, पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाले, दोन दिवस चालवा, "आधा फरक इसीच में है."

‘इसीच’ मधला तो ‘च’ आपला आहे. दखनीने तो मराठीकडून घेतला, ‘नक्को’ही मराठीच्या ‘नको’वरून. उस्ताद बोलू लागले की मला ही भाषा परकी वाटत नाही.

फरक खरोखर अर्धा होता. गाडी शांत झाली, पण धारदार खड्ड्यावरचा ठोका राहिला. दुसऱ्या गोष्टीसाठी मी परत गेलो. तेव्हा त्यांनी मला टायरवरचे आकडे वाचायला शिकवले. माझ्या टायरवर होते २३५/६० आर १८. म्हणजे टायरची रुंदी २३५ मिलिमीटर. त्याची उभी भिंत, म्हणजे धातूच्या रिमपासून रस्त्यापर्यंतचे रबर, त्या रुंदीच्या साठ टक्के, १४१ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १८ इंच हा रिमचा व्यास. खालच्या मॉडेलला येतो तो २३५/६५ आर १७. रुंदी तीच, भिंत पासष्ट टक्के, म्हणजे जवळजवळ १५३ मिलिमीटर. रिम एका इंचाने लहान, आणि तेवढी जागा रबराने आणि हवेने भरून काढलेली. मी घरी येऊन वहीत हिशेब मांडला. पूर्ण चाकाचा व्यास अठरात ७३९ मिलिमीटर, सतरात ७३७. दोन मिलिमीटरही फरक नाही. गाडी जमिनीपासून एक मिलिमीटर खाली येणार, स्पीडोमीटरचा काटा शंभरात पाव किलोमीटरनेच चुकणार. बाहेरचे वर्तुळ तेच राहून आतला धातूचा वाटा घटतो आणि हवेचा वाढतो, एवढाच हा बदल. भिंतीला बारा मिलिमीटर जास्त मिळतात, करंगळीच्या जाडीएवढे.

करंगळीएवढ्याने काय होते, असे मलाही वाटले होते. पण खड्ड्याची कड टायरमध्ये घुसते तेव्हा ती रिमपर्यंत पोचते की अलीकडेच थांबते, हे त्या एवढ्याशा अंतरावर ठरते. पोचली तर रिम वाकते किंवा भिंतीतले धागे तुटून टायरला फुगा येतो, आणि ठोका सरळ गाडीच्या सांगाड्यात जातो. अलीकडे थांबली तर हवा तो ठोका पिऊन टाकते.

वजनाचा हिशेबही मी केला, आणि त्यात मला वडील भेटले. माणसांसह गाडी साधारण २१०० किलो धरली तर एका चाकावर सव्वापाचशे किलो येतात. तेहतीस हवेचा दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.३ किलो. भागाकार केला की सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर उरतात. टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे असते. म्हणजे एवढी मोठी गाडी, आत आई, बायको, मुले, डिकीत सामान, हे सगळे प्रत्येक चाकाला दोन पोस्टकार्डांहूनही कमी जागेवर टेकलेले असते. वडिलांनी चाळीस वर्षे पोस्टकार्डांच्या थप्प्या हाताळल्या. ते असते तर हा हिशेब मी त्यांनाच आधी दाखवला असता.

हवेच्या टायरचा जन्मच मुळी कुणाच्या तरी पाठीसाठी झाला आहे, हे मला आबिड्सच्याच पदपथावर घेतलेल्या एका जुन्या पुस्तकातून माहीत झाले होते. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. पुढे चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर राहत होते. त्यांचा मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा. तिला टणक रबराची चाके होती, रस्ते दगडी होते, आणि पोराला हादरे बसत. १८८७मध्ये डनलॉप यांनी लाकडी चकतीभोवती रबराची नळी गुंडाळली, तीवर कापड चढवले, हवा भरली, आणि जुने चाक व नवे चाक अंगणात ढकलून पाहिले. हवेचे चाक लांब गेले. १८८८मध्ये पेटंट झाले, पुढे थॉमसनचे जुने पेटंट सापडल्यामुळे ते रद्दही ठरले. पेटंटापेक्षा मला तो बाप आवडतो. शर्यती नंतर आल्या, कंपन्या नंतर आल्या. आधी एका मुलाला दगडी रस्त्यावर त्रास होत होता आणि त्याच्या वडिलांना ते दिसले.

मग चाके मोठी का होत गेली? एकेकाळची मारुती ८०० बारा इंची चाकांवर पळत होती, अ‍ॅम्बॅसिडर पंधरा इंची, आणि मामाची जीप खडकातून जायची ती सोळा इंचांवर. गाड्यांची अंगे उंच झाली, दरवाजे जाड झाले, ब्रेकच्या चकत्या वाढल्या, आणि एवढ्या मोठ्या शरीराखाली छोटे चाक केविलवाणे दिसू लागले. चित्रकाराने कागदावर मोठे चाक काढले की गाडी उठून दिसते. हे मला मान्य आहे. मलाही ती उठूनच दिसली होती. पण मोठ्या रिमचे सौंदर्य बाहेर उभ्या असलेल्यासाठी असते. आत बसलेल्याला चाक दिसतच नाही, त्याला ते फक्त लागते.

उस्तादांच्या दुकानाच्या मागच्या अंगाला चाकांची चळत होती. सतरा इंची, कंपनीची, साधी राखाडी, जवळजवळ कोरी. खालचे मॉडेल घेणारे तरुण गाडी घेतल्या घेतल्या येतात, अठराची किंवा एकोणिसाची बसवून घेतात आणि ही इथेच टाकून जातात. माझ्या गाडीच्या खालच्या मॉडेलची चार चाके मला त्यातच मिळाली. उस्तादांनी ती एकेक करून यंत्रावर फिरवली, कुठे वाकलेली नाहीत ना ते पाहिले, आणि ब्रेकच्या कॅलिपरपासून रिमपर्यंत बोट घालून अंतर तपासले. सतरापेक्षा खाली जायचे नाही, असे त्यांनी मला आधीच बजावले होते. चाक आणखी लहान केले तर ब्रेकलाच घासेल, आणि कंपनीने त्या गाडीसाठी मंजूर न केलेला आकार बसवणे धोक्याचे आणि बेकायदाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातले ५२वे कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही. आमचा आकार त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलवर कारखान्यातूनच येतो, म्हणून मी निर्धास्त होतो. तरीही विमा कंपनीला मी लेखी कळवले. हे कागद नंतर शोधण्यापेक्षा आधी केलेले बरे.

टायर मात्र नवे घेतले. उस्तादांनी दोन-तीन कंपन्यांचे टायर उभे केले आणि प्रत्येकाची भिंत अंगठ्याने दाबून दाखवली. चिखलात चालणारे मोठ्या नक्षीचे टायर त्यांनी बाजूला सारले. ते दिसतात मर्दानी, पण डांबरावर घोंगावतात आणि कडक असतात. आम्ही हमरस्त्याचे, बारीक नक्षीचे, मऊ भिंतीचे घेतले. भिंतीवर १०४ एच असा आकडा होता. १०४ म्हणजे एक टायर ९०० किलो पेलेल, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. माझ्या जुन्या टायरचा आकडा १०३ होता, ८७५ किलोंचा. नवा आकडा जुन्याहून खाली जाता कामा नये, हा नियम मी पाठ केला. मग लांबट चौकटीतले चार अंक पाहिले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर तीन महिन्यांपूर्वी बनलेले होते.

शनिवारी दुपारी काम झाले. दोन तास लागले आणि मी दोन्ही तास उभा होतो. जुन्या चाकांतले हवेचा दाब सांगणारे सेन्सर काढून नव्यात बसवले. चाक यंत्रावर फिरवून हलक्या बाजूला शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या. नट समोरासमोर, चांदणीच्या क्रमाने आवळले. मग अलाइनमेंट. स्टेपनी कंपनीने आधीच सतराची दिली होती, म्हणजे आता पाचही चाके एका मापाची झाली. स्टेपनी हा शब्द आपल्याकडे एवढा घरचा झाला आहे की तो एका रस्त्याचे नाव आहे, हे सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली. ज्या रस्त्यावर दुकान होते त्याचे नाव त्या वस्तूला चिकटले. दुकानदाराचे नाव चौकाला चिकटलेल्या आबिड्समध्ये उभे राहून हे आठवताना मला बरे वाटले.

माझी अठराची चाके एका तरुणाने तिथल्या तिथे घेतली. तो त्यांच्यावरून हात फिरवत होता आणि मला त्याचा आनंद ओळखीचा वाटला. मी त्याला हवेचा आकडा तेवढा सांगितला.

नव्या चाकांत सगळेच चांगले आहे असे मी म्हणणार नाही. वेगात वळण घेताना गाडी आधीपेक्षा किंचित कलते. स्टिअरिंग फिरवल्यावर ती वळायला पापणी लवण्याएवढा उशीर करते. घाटात हे कळते. मऊ रबर लवकर झिजेल, हेही मला ठाऊक आहे. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर चालतो, मी त्याआधीच बदलणार आहे. रिम लहान म्हणजे चाक हलके, असेही सरसकट नसते, कारण रबर वाढते. आणि गाडी पूर्वीसारखी दिसत नाही, हे तर शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. हे सगळे पारड्यात घातले तरी माझे मत बदलत नाही. ज्या घरात म्हातारे माणूस आहे, गरोदर बाई आहे, पाठीचे दुखणे आहे, त्या घराने वरच्या मॉडेलची मोठी चाके घेऊ नयेत. घेतली असतील तर बदलावीत. पैसे जातात. ते यासाठीच मिळवायचे असतात.

माघात आम्ही पुन्हा तुळजापूरला निघालो. पटंचेरू, संगारेड्डी, मग सदाशिवपेठ. तिथे रस्त्यालगतच्या भागात एमआरएफचा टायरचा मोठा कारखाना आहे. आजवर मी त्याच्याकडे कधी मान वळवून पाहिले नव्हते. या वेळी वेग कमी केला. आई मागून म्हणाली, "काय पाहायलास?" मी म्हटले, इथे टायर बनतात. आणि तिथून तिचे बोलणे सुरू झाले ते नळदुर्ग येईपर्यंत थांबले नाही.

तिच्या लहानपणी गावात टायरगाडी आलेली नव्हती. बैलगाडीची चाके लाकडी. तुंबा, आरे, पाटे, आणि वरून लोखंडाची धाव. सुतार चाक करायचा, धाव बसवायचे काम मात्र सुतार आणि लोहार दोघांचे, आणि त्या दिवशी सगळी पोरे तिथे. लोखंडाचे कडे चाकापेक्षा मुद्दाम थोडे लहान केलेले असायचे. गोवऱ्यांची गोल आगटी रचून त्यात ते लाल होईपर्यंत तापवायचे. तापले की ते फुगते. मग चार गडी लांब चिमट्यांनी ते उचलायचे आणि धावत आणून चाकावर टाकायचे. लाकूड पेट घ्यायचे, धूर व्हायचा, बायका घागरी घेऊन उभ्याच असायच्या. पाणी ओतले की कडे आक्रसायचे, आणि सगळे सांधे करकरून आवळले जायचे. असे चाक वीस वर्षे हलत नसे, आई म्हणाली. पण त्या गाडीत बसणे म्हणजे दगडावर दगड. रस्त्यातला प्रत्येक खडा अंगाला कळायचा.

"मग बाळंतपणाला बाई माहेरी कशी आणायचे?" माझ्या बायकोने विचारले.

गाडीत आधी गुडघाभर कडबा पसरायचा, आईने सांगितले, वर भुसकट भरलेले पोते, त्यावर वाकळ, त्यावर गोधडी, मग बाई. आणि गाडीवान घरचाच असला पाहिजे. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, आणताना आईचे थोरले मामा स्वतः हाकायला बसले होते. ओढा आला की ते खाली उतरून, बैलांच्या पुढे चालत, एकेक दगड पायाने बाजूला सारत जायचे. पाच कोसांना अख्खा दिवस लागला होता. त्या खेपेला आजीच्या पोटात आई होती.

उमरग्याच्या पुढे मी चहाला थांबलो तेव्हा ती धावेचा घेर केवढा असतो ते माझ्या मुलीला दोन्ही हात पसरून दाखवत होती. झहीराबादपुढचा पुलाचा तो सांधा केव्हा गेला ते मला कळले होते, कारण मी त्याची वाट पाहत होतो. आईला विचारले, तिला तो आठवलाही नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना माझे एक मागणे आहे. उद्या सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरचा कागद वाचा आणि टायरमधली हवा त्याच्याशी ताडून पाहा. मग किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, घरातले सर्वांत वयस्कर माणूस बसते त्याच जागी मागे बसा, आणि तुमच्या गल्लीतून, तुमच्या नेहमीच्या रस्त्याने, अर्धा तास फिरून या.